डेलियाचे कटिंग बुडातून काळे का पडते, आणि जगलेले कटिंग दुसऱ्या वर्षी का उगवत नाही?

नवी कुंडी

नमस्कार. माझ्याकडे गर्द तांबड्या, जवळजवळ काळपट दिसणाऱ्या फुलांचा एक डेलिया आहे. तो एकाच कंदावर टिकून असल्यामुळे एखाद्या वर्षी तो कंद कुजला तर हे फूल कायमचे जाईल, ही धास्ती मला सतत असते. बियांपासून तेच फूल मिळत नाही असे वाचल्यावर मी कटिंग लावून त्याची चार-पाच रोपे करायचे ठरवले. परंतु बऱ्याच खटपटीनंतरही हाती काही लागलेले नाही, म्हणून अनुभवी मंडळींना सविस्तर विचारत आहे.

गेल्या वर्षी भर हंगामात, झाड कमरेएवढे झाले असताना, मी त्याच्या जाड फांद्यांचे वीतभर लांबीचे सहा तुकडे घेतले, ते मुळे फुटण्याच्या पावडरीत बुडवले आणि शेणखत मिसळलेल्या मातीत लावून रोज दोन वेळा पाणी दिले. पाच तुकडे आठ-दहा दिवसांत बुडातून काळे पडले. उपटून पाहिले तेव्हा खालचा भाग बोटाने दाबताच चिरडला जात होता आणि त्याला आंबूस वास येत होता. सहावा तुकडा मात्र रुजला, त्याला तीन फुले आली, आणि हंगाम संपल्यावर कुंडी रिकामी केली तेव्हा मुळांशी करंगळीएवढे चार कंदही सापडले. वाळलेले खोड कापून ते कंद मी कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) जपून ठेवले. यंदा लावून दोन महिने झाले आहेत. कंद अजून टणक आहेत, त्यांना पांढरी मुळेही फुटली आहेत, पण कोंबाचा पत्ता नाही.

मूळ कंद यंदा ट्रेमध्ये कोकोपीटवर मांडला आहे आणि त्याला बोटाच्या लांबीचे तीन कोंब आले आहेत. शेजारीच गुलाबी फुलांच्या जातीचा एक कंद आहे; त्याला एकाच जागी पंधरा-वीस बुटके, जाडसर कोंब झुबक्याने आले आहेत, त्यामुळे त्याच्यापासून भरपूर रोपे मिळतील अशी आशा वाटते. आता कटिंग नेमके कुठे कापावे, कशात लावावे, आणि गेल्या वर्षीच्या त्या चार कंदांना कोंब का येत नाहीत, हे कृपया समजावून सांगावे.

वाफसा

आपण सगळे तपशील लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. पावडर निकृष्ट होती किंवा आपला हात लागत नाही, असे मुळीच मानू नका. पाच तुकडे कुजण्याची कारणे आपल्याच वर्णनात आहेत.

पहिले कारण म्हणजे फांदी जून होती. डेलियाचे खोड वाढत जाते तसे आतून पोकळ होते. मेक्सिकोत, जिथून हे झाड जगभर गेले, तिथल्या जुन्या भाषेत त्याला जे नाव होते त्याचा संबंधही पाण्याच्या पोकळ नळीशी लावला जातो, इतके हे लक्षण ठळक आहे. अशी नळीसारखी फांदी कापून ओल्या मातीत उभी केली की पाणी तिच्यात तळातून शिरते, पोकळीत साचून राहते, आणि मुळे फुटायला लागणारे दोन-तीन आठवडे पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी बूड आतून सडते. म्हणून कटिंगसाठी कंदावरून नुकतेच वर आलेले, ७ ते १० सेंटिमीटर उंचीचे, पानांच्या दोन-तीन जोड्या असलेले कोवळे कोंब घ्यावेत. कापल्यावर काप नीट पाहावा. तो भरीव, ओलसर आणि फिकट हिरवा दिसला पाहिजे. मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढे जरी भोक दिसले, तरी तो फाटा जगण्याची शक्यता कमी आहे असे समजून आणखी खालच्या पेराशी, म्हणजे पानांची जोडी फुटते त्या जागेशी, कापून पाहावे, कारण पेरापाशी खोड बहुधा भरीव असते.

दुसरे कारण माती. शेणखत मोठ्या झाडाला उत्तम, परंतु ज्याला अजून मूळच नाही त्याला खताचा काही उपयोग नसतो. उलट उघड्या जखमेला बुरशी लागण्याची सोय तेवढी होते. माझे मिश्रण साधे आहे: निम्मे धुतलेले कोकोपीट आणि निम्मे पर्लाइट, म्हणजे मिश्रणात हवा खेळती ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे. पर्लाइट नसेल तर भरड, धुतलेली वाळू चालते. यात खत अजिबात नाही.

तिसरे आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे रोज दोन वेळचे पाणी. शेतीत ज्याला आपण वाफसा म्हणतो, म्हणजे माती ओली आहे पण चिखल नाही आणि तिच्यात हवाही खेळते आहे, नेमकी तीच अवस्था कटिंगला हवी असते. मिश्रण मुठीत घट्ट दाबावे. गोळा झाला पाहिजे, पण बोटांच्या फटीतून पाण्याचा थेंब गळता कामा नये. एवढी ओल एकदा दिली आणि वरून झाकण ठेवले की पुढचे बरेच दिवस पाणी घालावे लागत नाही.

कापण्याचे काम सकाळी करावे, कारण तेव्हा कोंब पाण्याने भरलेला आणि ताठ असतो. पाते प्रत्येक कंदानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसावे. खालची पानांची जोडी देठाशी अलगद कापून टाकावी, वरची पाने मोठी असतील तर अर्धी करावीत, काडीने आधी भोक पाडून त्यात फाटा उभा करावा आणि मिश्रण बोटांनी हलके दाबावे. फाटा थेट खुपसला तर त्याचे कोवळे बूड खरचटते. पावडर वापरायची असेल तर कोवळ्या फाट्यांसाठी असलेली, म्हणजे ०.१ टक्का इंडोल ब्युटिरिक आम्लाची सौम्य पावडर घ्यावी आणि टोकाला नुसती लावून जास्तीची झटकून टाकावी. पावडरीशिवायही डेलिया चांगला रुजतो, हे मात्र आवर्जून सांगतो.

मिश्रणाचे तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअसच्या आसपास राहील अशी जागा निवडावी. उजेड भरपूर हवा, थेट ऊन नको.

पेरापेराने

वाफसा यांनी कुजण्याविषयी सांगितले ते योग्यच आहे, त्यामुळे मी फक्त त्या चार कंदांविषयी लिहितो. नवख्या माणसाला ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही आणि ती समजेपर्यंत एखादी आवडती जात हातची गेलेली असते.

बटाट्याला अंगभर डोळे असतात, कारण बटाटा हे जमिनीखालचे खोड आहे. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेले मूळ. त्याच्या अंगावर एकही डोळा नसतो. डोळे असतात ते कंदाची मान जिथे खोडाला चिकटते त्या बुडख्यावर, म्हणजे खोडाच्याच तळच्या भागावर. बुडख्याचा तुकडा सोबत नसलेला कंद कितीही टणक, गुबगुबीत असला तरी तो पाणी शोषतो, बारीक मुळेही सोडतो, महिनोन्‌महिने तसाच राहतो, पण त्यातून झाड येत नाही. अशा कंदाला बागकाम करणारे आंधळा कंद म्हणतात. आपले चारही कंद तसेच असावेत.

आता ते आंधळे का निघाले ते पाहू. कटिंगला मूळ कंदाचा बुडखा मिळालेला नसतो. त्याला तो स्वतः घडवावा लागतो, आणि तो घडतो जमिनीखाली गेलेल्या पेरापासून. पानांची जोडी जिथे फुटते त्या पेरावर, प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा झोपलेला असतो. हे पेर मिश्रणाखाली गेले तर मुळे आणि कंद त्याच्या आसपास सुटतात, डोळे तिथेच जपले जातात आणि पुढच्या हंगामात त्यांतून कोंब येतात. आपण मात्र दोन पेरांच्या मधले लांब कांडे मातीत खोचले असावे. त्यामुळे मुळे आणि कंद झाले ते कांड्याच्या टोकाशी, आणि डोळे असलेले सर्वांत खालचे पेर मातीच्या वर राहिले. हंगामाअखेर वाळलेले खोड कापले तेव्हा ते पेरही खोडाबरोबर गेले.

म्हणून काप नेहमी पेराच्या लगेच खाली, दोन-तीन मिलिमीटरवर घ्यावा. पान काढताना देठ कापावा, ओरबाडू नये, कारण ओरबाडताना बेचक्यातला डोळा सालीसकट निघून येतो. ते पेर मिश्रणात निदान दोन सेंटिमीटर खोल जाऊ द्यावे. पुढे मोठ्या कुंडीत हलवताना रोप आणखी थोडे खोल लावून दुसरे पेरही मातीखाली घेतले तर अधिक निश्चिंत राहता येते.

कंदाच्या बुडख्याची पातळशी चकती कोंबासोबत कापून घेण्याचीही एक पद्धत आहे. असा कोंब लवकर रुजतो आणि सोबत डोळ्यांचा भागही येतो, हे खरे. परंतु आपल्याकडे हा एकच कंद आहे, आणि प्रत्येक चकतीबरोबर त्याचे न उमललेले डोळेही कापले जातात. तळाशी अगदी लहानसा का होईना, पण एक पेर असलेला खुंट कंदावर ठेवून वरचा भाग कापला, तर त्या खुंटाच्या बेचक्यांतून पुन्हा दोन कोंब येतात. तीन कोंबांचे असे सहा होतात, आणि हे चक्र एका हंगामात अनेकदा फिरवता येते. आपल्या जागी मी तरी खुंट ठेवण्याचाच मार्ग धरला असता.

बियांबद्दल आपण वाचलेत ते बरोबर आहे. बागेतल्या डेलियाच्या पेशींत गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे एकाच फुलाच्या बियांतून आलेल्या रोपांचे रंग आणि आकार फार वेगवेगळे निघतात. तोच काळपट तांबडा रंग हवा असेल तर कंद विभागणे किंवा कटिंग, हे दोनच घरगुती मार्ग आहेत.

रोपवेडी

आपल्या गुलाबी कंदाविषयी वाचून थांबले, आणि हे आधी लिहिते: त्या कंदाला हात लावला असेल तर हात साबणाने धुवा आणि तोवर तांबड्या डेलियाला स्पर्श करू नका.

निरोगी बुडख्यावरचे कोंब एकमेकांपासून थोड्या अंतरावर, वेगवेगळ्या डोळ्यांतून येतात आणि सरळ वर चढतात. एकाच बिंदूतून पंधरा-वीस बुटके, जाडसर कोंब, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे दाटीवाटीने येणे हे जोमाचे लक्षण नाही. जिवाणूंमुळे होणारा हा गाठीचा रोग असण्याची दाट शक्यता आहे. एका प्रकारात असे खुरटलेल्या कोंबांचे झुबके येतात, दुसऱ्यात बुडख्यावर खडबडीत, कोंब नसलेल्या गाठी वाढतात. दोन्हींवर घरी करण्यासारखा उपाय नाही. ते जिवाणू पात्यावरून, हातावरून, सामायिक ट्रेतल्या पाण्यावरून दुसऱ्या कंदाच्या जखमेत शिरतात, आणि कटिंग करणे म्हणजे तर जखमच करणे.

माझ्या ट्रेमध्ये असा एक कंद आला होता आणि मला त्याचा, आपल्यासारखाच, आनंद झाला होता. त्याचे आठ कोंब मी एकाच पात्याने, मध्ये न पुसता कापले आणि त्याच पात्याने शेजारच्या पाच कंदांचे कोंबही घेतले. आठांपैकी एकही फाटा धड वाढला नाही, आणि हंगाम संपल्यावर त्या पाचांपैकी तीन कंदांवर तशाच गाठी निघाल्या. त्यातला एक मला फार प्रिय होता. तेव्हापासून झुबका दिसला की मी कंद माध्यमासकट पिशवीत बांधून कचऱ्यात टाकते, खतखड्ड्यात टाकत नाही, आणि ट्रे ब्लीचच्या पाण्याने धुते.

त्याच वेळी तांबड्या डेलियाची पानेही उजेडात धरून पाहावीत. शिरांच्या कडेने पिवळे पट्टे, चट्टे किंवा पाने आखडलेली दिसली तर तो विषाणू असू शकतो. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि कटिंगमधून तो प्रत्येक नव्या रोपात जसाच्या तसा उतरतो. पाने स्वच्छ हिरवी असतील तर निःशंकपणे पुढे जावे.

नवी कुंडी

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. गुलाबी कंद बारकाईने पाहिला. सगळे कोंब सुपारीएवढ्या एकाच गाठीतून आलेले होते. तो कंद काढून टाकला, ट्रे धुतला आणि तांबड्या कंदाला नवे माध्यम दिले. त्याची पाने स्वच्छ आहेत.

काल सकाळी तीनपैकी दोन कोंब पेराखाली कापून लावले, तळाशी खुंट ठेवले आणि कुंड्यांवर पारदर्शक पिशवी घातली. दोन्ही काप भरीव होते. परंतु दुपारपर्यंत एका फाट्याची पाने पूर्ण लोंबली. पाणी घालण्याचा मोह आवरून हे लिहीत आहे. त्याने मान टाकली आहे, तर तो गेला असे समजावे का?

वाफसा

पाणी घातले नाही, हे फार चांगले केले. मूळ नसल्यामुळे फाटा मिश्रणातून पुरेसे पाणी ओढू शकत नाही आणि पाने मात्र बाष्प सोडत राहतात, म्हणून पहिले एक-दोन दिवस मान पडते. यावर उपाय मातीत नसून हवेत आहे: पिशवीच्या आत बारीक फवारा मारावा आणि कुंडी थोड्या कमी उजेडात ठेवावी. उद्या सकाळी पाने उचललेली दिसली तर काळजी नाही. सलग दोन सकाळी तो लोंबलेलाच राहिला आणि बूड काळवंडले, तर लगेच काढून टाकावा, म्हणजे शेजारच्या फाट्याला बुरशी लागणार नाही.

पिशवी पानांना टेकू नये म्हणून काड्या रोवाव्यात. रोज एकदा ती दहा मिनिटे उघडावी आणि आत साचलेले थेंब पुसावेत. पिशवीला चिकटलेल्या ओल्या पानावर राखाडी बुरशी पाहता पाहता येते. मुळे आली का हे पाहण्यासाठी फाटा ओढू नये. शेंड्याला नवे, अधिक ताजे हिरवे पान सुटू लागले की मुळे आली असे समजावे.

पेरापेराने

एक भर घालतो. आपल्याकडे सध्या दिवस बारा तासांपेक्षा लहान असेल, तर संध्याकाळी साध्या एलईडी दिव्याने उजेड वाढवून तो एकूण चौदा तासांचा करावा. दिवस लहान झाला की डेलिया वाढ आवरती घेऊन कंद धरू लागतो. कोवळ्या कटिंगने इतक्या लवकर कंद धरला तर वर कोंब वाढत नाही आणि रोप खुरटते.

नवी कुंडी

चोवीस दिवसांनी कळवत आहे. लोंबलेला फाटा दुसऱ्या सकाळी ताठ झाला होता. अठराव्या दिवशी दोन्हींच्या शेंड्यांना नवी पाने दिसली, त्यानंतर पिशवी रोज थोडी अधिक वेळ उघडी ठेवत गेलो आणि आज दोन्ही रोपे दहा सेंटिमीटरच्या कुंड्यांत हलवली.

हलवताना एका रोपाचे बूड कोमट पाण्यात हलकेच धुऊन पाहिले. कापाच्या कडेला दाणेदार, पांढरट वळे तयार झाले होते, मुळे त्यातून आणि पेराच्या भोवतीने सुटली होती, आणि जिथे पानाचा देठ कापला होता त्या बेचक्यात राईच्या दाण्याएवढा हिरवट डोळा स्पष्ट दिसत होता. गेल्या वर्षीच्या चार कंदांवर मी भिंग घेऊन जे शोधत होतो ते हेच. दोन्ही रोपे दुसऱ्या पेरापर्यंत खोल लावली आहेत.

कंदावर ठेवलेल्या दोन खुंटांपैकी एकातून दोन कोंब आले आहेत, दुसऱ्यातून एक. ते अजून पाच सेंटिमीटरचेच आहेत, त्यामुळे पाते पुसून तयार ठेवले असले तरी आणखी आठवडाभर थांबणार आहे.

रोपवेडी

थांबताय ते योग्यच. या दोन रोपांना पानांच्या चार जोड्या आल्या की शेंडा खुडा, म्हणजे बाजूचे फुटवे येतील. आणि खुडलेला शेंडा भरीव निघाला, तर तोही पेराखाली कापून लावायला हरकत नाही.